जमा काय, नावे काय

लेजरच्या पानाला दोन बाजू असतात. एक जमा, दुसरी नावे. उमेदीची वर्षं बँकेत गेल्यामुळे माणसाचं नाव कानावर आलं की त्याचं खातं कसं असेल, हा विचार माझ्या मनात आधी येतो. इटालियन मुलींच्या नावांत दोन्ही बाजू गच्च भरलेलं एक खातं आहे, बिआत्रिचे. इंग्रजांची बिअ‍ॅट्रिस ती हीच, आणि गोव्यात भेटते ती बिआत्रिझ हिचीच पोर्तुगीज बहीण.

आधी अर्थ. मूळ लॅटिन नाव वियाट्रिक्स, म्हणजे प्रवास करणारी. त्यात पुढे ‘बेआतुस’, म्हणजे धन्य, हा शब्द मिसळला आणि नाव झालं बेआट्रिक्स, सुख देणारी. म्हणजे आपली सुखदाच की! प्रवासिनीची सुखदा झाली याचं पंडितांना नवल वाटेल, आम्हां कारकुनांना नाही. एका अक्षराच्या फरकानं खातेदार बदलतो, हे आम्ही रोज पाहतो.

या नावाला भाव आणला तो फ्लॉरेन्सच्या दान्ते नावाच्या कवीनं. जन्म १२६५. नवव्या वर्षी, म्हणजे आपण पाढ्यांशी झटत असतो त्या वयात, त्यानं जवळपास आपल्याच वयाची एक मुलगी पाहिली आणि जन्माचा निकाल लागला. आणखी नऊ वर्षांनी तिनं रस्त्यात त्याला नमस्कार केला. एवढ्या भांडवलावर गड्यानं अख्खं पुस्तक उभं केलं, ‘ला व्हिता नुओव्हा’! मधे लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला दुसऱ्याच बाईवर प्रेम असल्याचं सोंग केलं. त्याचा गावभर बोभाटा झाला आणि बिआत्रिचेनं नमस्कार बंद केला. मी तिच्या बाजूचा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. बोकाचिओच्या सांगण्यानुसार ही मुलगी फोल्को पोर्तिनारीची. फोल्को धंद्यानं सावकार. १२८८ मध्ये त्यानं फ्लॉरेन्समध्ये सांता मारिया नुओव्हा हे इस्पितळ काढलं, ते आजही चालू आहे. तिचा नवरा सिमोने, तोही बार्दी या बँकवाल्या घराण्यातला. म्हणजे माहेर बँक, सासर बँक, आणि नाव झालं ते कवीमुळे! बापाच्या मृत्युपत्रात ‘बिचे’ या घरगुती नावानं तिची नोंद आहे. कवितेपेक्षा मृत्युपत्रावर माझा विश्वास जास्त. १२९० मध्ये, पंचविशी गाठते न गाठते तोच, ती वारली. पुढे १३४० नंतरच्या काही वर्षांत बार्दींची पेढी बुडाली, इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाची कर्जं थकली म्हणून. राजाला दिलेलं बुडालं, कवीनं ठेवलेलं अजून व्याज देतंय. इटलीच्या सरकारी याद्यांत अलीकडे सोफिया, ऑरोरा, जुलिया या मुली पुढे असतात, पण बिआत्रिचेही पहिल्या दहांत सहसा दिसतेच.

तरीही माझी एक तक्रार आहे. पहिल्या पुस्तकात बिआत्रिचे नाहीच, नुसता तिच्या नावाचा अर्थ आहे. ती येते, सुख देते, जाते. बोलत जवळजवळ नाही. रडतो, आजारी पडतो, सुस्कारे टाकतो तो हाच. खातं तिच्या नावावर, व्यवहार सगळे याचे! ‘डिव्हाइन कॉमेडी’त मात्र कवी शहाणा झालाय. पर्गेटरीच्या डोंगरमाथ्यावर बिआत्रिचे भेटते ती पहिल्या झटक्यात त्याची अशी काही हजेरी घेते की गृहस्थ ढसाढसा रडतो. अख्ख्या काव्यात दान्तेचं नाव एकदाच येतं, ते इथं, तिच्या तोंडी. मला विचाराल तर सुखदेची बाई होते ती याच क्षणी. सुख देणाऱ्या बाईला रागावता येतं, हे कळायला कवीला दुसरं पुस्तक लिहावं लागलं.

आणि नावे बाजू? दान्तेचं लग्न झालं होतं. बायकोचं नाव जेम्मा, म्हणजे रत्न. मुलंबाळंही झाली. पण नरकापासून स्वर्गापर्यंत शेकडो माणसांची नावं लिहिणाऱ्या या कवीनं बायकोचं नाव कुठंही लिहिलेलं नाही. नरकातसुद्धा नाही, ही मेहरबानीच म्हणायची.

१३०२ मध्ये तो हद्दपार झाला आणि १३२१ मध्ये राव्हेन्नात वारला. १३५० मध्ये फ्लॉरेन्सकरांनी बोकाचिओच्या हाती दहा सोन्याची नाणी पाठवली, राव्हेन्नाच्या मठातल्या त्याच्या मुलीला. अभ्यासकांच्या मते ही आन्तोनिया. जोगीण होताना तिनं नवं नाव घेतलं, बिआत्रिचे.

मुलीनं बापाचं देणं फेडलं की आईच्या नावे आणखी एक रक्कम टाकली? मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो आहे. जेम्माला काय वाटलं, हे कुठल्याच वहीत नाही, आणि तिच्या सहीशिवाय हे खातं बंद करणं माझ्या नियमात बसत नाही.