फाब्रीचा स्कोअर: ७६ पैकी १८ म्हणजे सौम्य?

दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचा पेपर उघडलात की 'सिव्हियरिटी स्कोअर' नावाचा आकडा हमखास भेटतो. आपण तो वाचतो आणि पुढच्या तक्त्याकडे वळतो. आज तिथेच थांबूया. उदाहरण घेऊ फाब्री आजाराचं, आणि त्यासाठी २००४ मध्ये जर्मनीतून आलेल्या माइन्झ स्कोअरचं.

फाब्रीत अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हे एन्झाइम कमी पडतं आणि एक मेदपदार्थ पेशींत साचत जातो: मूत्रपिंड, हृदय, नसा, त्वचा, सगळीकडे. रुग्ण मोजके, त्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल अशा मापाची गरज खरीच होती. माइन्झने चार भाग पाडले. सर्वसाधारण लक्षणं १८, मज्जासंस्था २०, हृदय-रक्तवाहिन्या २०, मूत्रपिंड १८. एकूण ७६. २० च्या खाली सौम्य, ४० च्या वर तीव्र.

आता गणित करून बघा. डायलिसिसला १८ गुण. समजा बाकी कुठेच गुण नाहीत (प्रत्यक्षात असं क्वचितच होईल, पण मापपट्टी तपासायची तर टोकापर्यंत ताणून बघायलाच हवी). म्हणजे डायलिसिसवर जगणारा माणूस 'सौम्य' ठरला! आणि थोडं इथे, थोडं तिथे दुखणारा रुग्ण २० ओलांडून 'मध्यम'. बेरीज बरोबर आहे हो, पण किडनी आणि कानातली गुणगुण एकाच रांगेत मांडल्यावर आणखी काय होणार?

दुसरी गोष्ट वयाची. १५ वर्षांच्या मुलाचे १८ आणि साठीच्या बाईंचे १८ सारखे कसे? आजार साचत जाणारा आहे, मुलाकडे तो धावत आलाय. २०१० मध्ये वयानुसार दुरुस्त केलेली आवृत्ती आली: त्या वयात अपेक्षित स्कोअर किती, आणि रुग्ण त्याच्या वर आहे की खाली. मला तरी ही दुरुस्ती मूळ स्कोअरइतकीच मोलाची वाटते. फक्त 'अपेक्षित' हे निदान झालेल्यांच्या नोंदींवरून ठरतं, हे विसरू नका.

आणि उपचारांचं काय? पक्षाघात एकदा होऊन गेला की औषधाने तो पुसला जात नाही. त्यामुळे स्कोअर उतरला नाही म्हणजे औषध फसलं असं नाही. तसंच, संथ आजारात वर्षभर स्कोअर चढला नाही म्हणून औषध लागू पडलं असंही नाही. एन्झाइमचे हे उपचार भयंकर महाग असतात, ते चालू ठेवायचे की थांबवायचे याची चर्चा अशाच आकड्यांवर होते.

पुढचा पेपर वाचताना बेरजेआधी चारही भागांचे वेगवेगळे गुण शोधा. पुरवणी तक्त्यातही नसतील तर लेखकांना सरळ मेल टाका.