गोरमाटीचे वर्गीकरण : एक पुनर्विचार

पुसद परिसरातील तांड्यांवर बोलली जाणारी गोरमाटी अर्थात बंजारा बोली कोणत्या भाषागटात मोडते, या प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे मिळालेली दिसतात. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली व खानदेशी यांच्यासमवेत 'बंजारी किंवा लभाणी' या नावाने तिची नोंद केली आणि तिचे राजस्थानीशी असलेले नाते दाखविले. २०११ च्या जनगणनेत मात्र भिल्ली व खानदेशी स्वतंत्र भाषा ठरल्या, तर गोरमाटी हिंदीखाली गेली. तीही दोन तुकड्यांत : 'लमाणी/लंबाडी' ३२ लाखांहून अधिक आणि 'बंजारी' १५ लाखांहून अधिक. एकाच ग्रंथभागातील या तीन भाषांना असा वेगळा न्याय का, याचे भाषाशास्त्रीय उत्तर सापडत नाही.

'मारो', 'तारो' ही षष्ठीची रूपे आणि 'छ' हे क्रियापद राजस्थानी-गुजरातीकडेच निर्देश करतात. आईसाठीचा 'याडी' हा शब्दही हिंदीच्या आधारे उलगडत नाही. शब्दसंग्रह हा निकष मात्र येथे फसवा आहे. बैलांचे तांडे घेऊन दूरवर व्यापार करणाऱ्या या समाजाच्या बोलीत आंध्रात तेलुगू, कर्नाटकात कन्नड व विदर्भात मराठी शब्द शिरले. त्यांवरून गट ठरविल्यास प्रांतागणिक उत्तर बदलेल. रूपव्यवस्थेलाच प्राधान्य द्यावे लागेल.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. घरी गोरमाटी बोलणारे तांड्यावरचे मूल शाळेत मराठीशी झगडते. जनगणनेच्या तक्त्यात ते हिंदी भाषक असते.