वितरक कोण? जपानी शृंगारपट आणि 'विनी' यांविषयी एक विचार

अश्लीलतेच्या चर्चेत समीक्षक बहुधा कलाकृतीच्या आशयापाशी थांबतो. जपानी दंडसंहितेच्या १७५ व्या कलमाचा रोख मात्र निर्मितीवर नसून वितरण, जाहीर प्रदर्शन आणि विक्रीसाठी केलेला संग्रह यांवर आहे. हा भेद वरवर तांत्रिक भासतो. परंतु युद्धोत्तर जपानमधील शृंगारिक माध्यमांचे स्वरूप त्यानेच पुष्कळ अंशी घडविले, असे म्हणावे लागते.

डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीच्या भाषांतराबद्दल जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली भाषांतरकार इतो सेइ व प्रकाशक यांना दोषी ठरविले. त्याच कादंबरीच्या विक्रीवरून १९६४ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली. दोन्हीकडे कृती वाचकापर्यंत पोहोचविणारा हात अपराधी ठरला.

चित्रपटकारांनी हे मर्म नेमके ओळखले होते. नागिसा ओशिमा यांनी 'आइ नो कोरीदा' (१९७६) या चित्रपटाचे चित्रण जपानमध्ये केले. परंतु फीत न धुताच फ्रान्सला पाठविली आणि पुढील संस्कार तेथे करविले. या चित्रपटाच्या निर्मितीत कोजी वाकामात्सु यांचा हात होता. स्वतंत्र, अल्पखर्ची अशा 'गुलाबी' चित्रपटांतून राजकीय बंडखोरी मांडणारे दिग्दर्शक म्हणून ते आधीच प्रसिद्ध होते. खटला झाला तो पटकथा व स्थिरचित्रे यांच्या पुस्तकावर. १९८२ साली वरिष्ठ न्यायालयातही ओशिमा निर्दोष ठरले.

संगणकाने ही व्यवस्थाच विस्कटली. तोक्यो विद्यापीठातील इसामु कानेको यांनी २००२ साली 'विनी' ही फाइल-विनिमयाची प्रणाली प्रसृत केली. चित्रपट, गीते, खेळ आणि प्रौढांसाठीच्या चित्रफिती सांकेतिक रूपात एका यंत्रातून दुसऱ्यात जात. मधल्या यंत्राच्या धन्याला आपल्याकडे काय साठले आहे याची कल्पनाही नसे. प्रेक्षक नकळत वितरक झाला. २००४ साली कानेको यांना अटक झाली ती अश्लीलतेसाठी नव्हे, तर स्वामित्वहक्काच्या भंगास साहाय्य केल्याच्या आरोपावरून. २००६ साली त्यांना दंड झाला, २००९ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्याच वर्षी १७५ व्या कलमात विद्युत्-माध्यमातून होणाऱ्या प्रसाराचा स्पष्ट अंतर्भाव झाला.

परंतु 'वितरक कोण?' या प्रश्नात एक व्यक्ती सतत निसटत आली: जिचे शरीर चित्रित झाले ती. अश्लीलतेच्या कायद्याला समाजाच्या नीतीची चिंता, स्वामित्वाच्या कायद्याला निर्मात्याच्या मालमत्तेची. जून २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने मात्र अशा चित्रफितींतील कलाकारांना प्रकाशनानंतर एक वर्षपर्यंत विनाअट करार रद्द करण्याचा हक्क दिला. हा दृष्टिकोनातील मूलगामी बदल होय. तथापि ज्या प्रतींना एक मालक नाही, त्या परत मागाव्यात कोणाकडे? करार रद्द होतो, प्रत उरतेच.

ओशिमांच्या बंडखोरीचे कौतुक करताना कलावंताचे स्वातंत्र्य आणि प्रतीचे स्वातंत्र्य या भिन्न गोष्टी आहेत, हे विसरून चालणार नाही. पहिल्याचा कैवार घेणाऱ्या समीक्षेने दुसऱ्याचाही जयजयकार केला, तर मुक्त झालेल्या प्रतीत जी व्यक्ती कायमची बंदिस्त राहते, तिचा विचार कोणी करावयाचा?