आठ तारा, अडीच बोटं

मागच्या दिवाळीत मी पप्पांसाठी आठ तारांचं युकुलेले मागवलं. चार तारांचंही मिळत होतं, पण व्हिडिओत आठ तारांचा आवाज भरलेला वाटला. खाली लिहिलं होतं, 'गिटारपेक्षा खूप सोपं'. मी हिंजवडीत कोड लिहिते. कुठलीही अट सुटली तर प्रोग्राम कुठे फसेल हे शोधणं माझं रोजचं काम. तरी या वाक्यातली सुटलेली अट मला दिसली नाही. सोपं, पण कोणाच्या हाताला?

पप्पांची डावी करंगळी आणि अनामिकेचं अर्ध बोट 2009 साली पॉवर प्रेसखाली गेलं. मी तेव्हा आठवीत होते. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात असा हात दिसला तर कोणी दचकत नाही, फार तर 'कुठल्या प्रेसवर होता?' असं विचारतात. पप्पा मोशीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, अजूनही वाजवतात. पेटीला डाव्या हाताकडून फक्त भाता हवा असतो. कॉलेजात असताना मी घेतलेली गिटार मात्र ते मांडीवर घ्यायचे, तारांवरून एकदा उजवा हात फिरवायचे आणि परत कोपऱ्यात ठेवायचे.

वाद्यांच्या सोपेपणाबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात एक सरळसोट हिशेब असतो: चार तारा सोप्या, सहा अवघड, आठ त्याहून अवघड. माझा आक्षेप या हिशेबाला आहे. आपल्याकडची वाद्यं पाहिली तरी तो टिकत नाही. तुणतुण्याला एकच तार, पण रात्रभर शाहिराच्या मागे न ढळता सूर धरून दाखवा म्हणावं. तंबोऱ्याला बहुधा चार तारा आणि डाव्या हाताला काही दाबायचंच नाही. सगळी परीक्षा तो लावण्यात आणि जवारीचा दोरा केसभर सरकवण्यात. सतारीला अठरा-वीस तारा असतात, पण त्यातल्या बऱ्याचशा तरफेच्या, नुसत्या सोबतीनं झंकारणाऱ्या. तारांचा आकडा सांगतो की वाद्यावर काय ताणलंय. वाजवणाऱ्याला त्यातलं किती पेलायचंय ते तो सांगत नाही.

युकुलेलेच्या जास्तीच्या तारांचंही तसंच आहे. 1879 मध्ये 'रेवन्सक्रॅग' नावाच्या जहाजातून मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर हवाईत उसाच्या मळ्यांवर कामाला गेले. त्यांच्यात सुतारकाम जाणणारे काही जण होते. त्यांच्या 'माशेत' नावाच्या छोट्या वाद्यातून युकुलेले घडलं. जी-सी-ई-ए अशा चार तारा. पुढे आठ तारांचे प्रकार आले, पण त्यात नवे सूर नाहीत. प्रत्येक तारेला एक जोडीदार दिलेला असतो, काही जोड्यांत त्याच सुराचा, काहींत एक सप्तक वर-खाली. म्हणजे कॉर्डचे आकार तेच, डोक्याला नवं ओझं शून्य. बोटाला मात्र एका तारेच्या जागी दोन दाबाव्या लागतात. दाब जवळपास दुप्पट, आणि बोटाचं टोक दोन्हींवर बरोबर मधोमध पडायला हवं.

गिटालेले याच्या उलट. युकुलेलेएवढं अंग, पण सहा वेगवेगळे सूर. गिटारच्या पाचव्या फ्रेटवर कॅपो लावावा तसं त्याचं ट्यूनिंग. हाताला ते मऊ लागतं, पण कॉर्डचे आकार सगळे गिटारचे, वर सीचा आकार धरला की वाजतो एफ. इथे जास्तीच्या तारा डोक्याकडून काम मागतात. एका वाद्याचं ओझं बोटांवर, दुसऱ्याचं डोक्यावर. दोघांना 'जास्त तारांचं, म्हणून अवघड' असं एकच लेबल लावणं हा आळस आहे.

गिटारचं अवघडपण आणखी वेगळं. मी टेपने मोजलं. माझ्या गिटारची तार 648 मिलिमीटर वाजते, पप्पांच्या टेनर युकुलेलेची 432. फ्रेटची जागा ठरलेल्या गुणोत्तराने बसते, त्यामुळे पहिल्या तीन फ्रेटचा पल्ला गिटारवर 103 मिलिमीटर येतो आणि युकुलेलेवर 69. गिटारच्या सहा स्टीलच्या तारांचा एकूण ताण साधारण 70 किलोंच्या घरात असतो, नायलॉनच्या चार तारांचा त्याच्या एक तृतीयांशही नसतो. गिटारवर 'पहिल्याच आठवड्यात शिका' म्हणतात त्या सी, जी, डी या तिन्ही कॉर्डना तीन-तीन बोटं लागतात. चार तारांच्या युकुलेलेवर सी, सी सेव्हन आणि ए मायनर एकेका बोटात होतात, एफ दोन बोटांत. अडीच बोटांच्या हातासाठी हा फरक म्हणजे वाजवणं आणि न वाजवणं यातला फरक आहे.

इथे एक उदाहरण नेहमी पुढे येतं आणि मीही ते पप्पांना ऐकवलं होतं. 'ब्लॅक सॅबथ'चा टोनी आयॉमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या आणि पुढे गिटार खालच्या सुरात उतरवून तारा सैल केल्या. त्याने वाद्यच बदललं. जिद्दीचं कौतुक करताना आपण हे गाळतो, आणि मग ज्याला जमत नाही त्याची जिद्द कमी पडली असं आपोआप ठरतं.

मीही तेच केलं. आठवडाभर पप्पांच्या ए मायनरमधून नुसती घरघर आली आणि मी म्हणत राहिले, "पप्पा, सोपं आहे हो, सवय होईल." शेवटी ते म्हणाले, "अगं, सोपं कुणाला? तुझ्या हाताला?" मग त्यांनी पक्कड मागितली.

आम्ही जोडीदार तारा एकेक करून काढल्या. ई आणि एची एकेक, सीची बारीक. चार तारांपाशी मी थांबणार होते, कारण माझ्या हिशेबात तेच सर्वांत सोपं वाद्य होतं. जीची जाड तार काढायला गेले तर पप्पांनी हात धरला. "ती राहू दे. तिच्याशिवाय खर्ज नाही."

त्यांचं बरोबर होतं. साध्या युकुलेलेत जी वरच्या सप्तकातला असतो. सगळं गोड आणि हलकं वाजतं, पण पेटी वाजवलेल्या कानाला खाली जमीन लागत नाही. गिटारच्या दोन जाड तारा हीच जमीन देतात, तिचं अवघडपण फुकट जात नाही. फक्त सोपेपणावर वाद्यं तोलण्यात ही दुसरी चूक होते. जास्तीची तार काय मागते ते आपण मोजतो, काय देते ते मोजत नाही. ती एक तार पप्पांनी स्वतः निवडली, तिचा भार ओळखून.

आता त्या युकुलेलेला पाच तारा आहेत, काही खाचा रिकाम्या, तारा जराशा एका बाजूला सरकलेल्या. परवा एफ लावताना जीची जोडी पुन्हा घरघरली. पप्पांनी वाद्य डोळ्यांजवळ धरलं, डाय तपासावी तसं वाकून बघितलं आणि मधलं बोट फ्रेटच्या अगदी कडेला सरकवलं. तिथे दाब कमी लागतो. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.