तबकडीची रुजुवात

गायनकलेची समीक्षा मराठीत विपुल झाली; तबकड्या आणि फिती एकमेकांना ऐकवून त्यांवर रात्र रात्र खल करणाऱ्या मंडळींच्या श्रवणकलेकडे मात्र समीक्षकांचे लक्ष क्वचितच गेले. वास्तविक महाराष्ट्रातील कितीतरी रसिकांचा कान प्रत्यक्ष मैफलीपेक्षा या मंडळींतच अधिक घडला आहे. पुणे, मिरज, कोल्हापूर, धारवाड या पट्ट्यात ज्यांचे वास्तव्य, त्यांना एखादे खाँसाहेब किंवा बुवा समोर बसून ऐकण्याचा योग निदान संभवत तरी होता. परंतु बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस, आगगाडीचा रूळ ज्याच्या शिवेला अद्याप लागलेला नाही अशा लोणारसारख्या कसब्यात अमीर खाँच्या मारव्याशी परिचय व्हावयाचा तो कोणी जालन्याहून वा नागपुराहून आणलेल्या तबकडीच्या द्वारे, किंवा १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र निघाल्यानंतर रेडिओच्या खरखरीतून वाट काढीत आलेल्या स्वरांच्या द्वारे. वसंतराव देशपांडे यांच्यासारखा गवई १९२० साली मूर्तिजापुरास जन्माला घालावा आणि त्याच्या मैफली मात्र इतर शहरांनी भोगाव्यात, हा आम्हां वऱ्हाडकरांच्या प्राक्तनाचाच भाग आहे.

पण या दैन्याचा एक लाभ झाला, आणि तो थोडाथोडका नव्हे. मैफल एकदाच होते. तिच्याविषयी दुसऱ्या दिवशी जे बोलले जाते ते स्मरणाच्या आधाराने, आणि स्मरण हे स्वभावतःच पक्षपाती असते. तबकडीचे तसे नाही. तिच्यावर मतभेद झाला तर सुई उचलून पुन्हा त्याच जागेवर ठेवता येते, आणि जो निषाद एकाला कोमल वाटला नि दुसऱ्याला चढा, त्याचा निवाडा चौघांच्या समक्ष होऊ शकतो. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादिया खाँ १९४६ साली. दोघांचाही आवाज मुद्रित झाला नाही. त्यांच्याविषयी आपणांस जे ज्ञान आहे ते शिष्यांच्या गळ्यांतून आणि गोविंदराव टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’मध्ये (१९३९) रेखाटलेल्या शब्दचित्रांतून आलेले आहे. ते कितीही सरस असले तरी त्यांवर उलटतपासणी चालत नाही. अब्दुल करीम खाँच्या बाबतीत ती चालते. त्यांची झिंझोटीची तबकडी कानी पडली आणि भीमसेन जोशींनी १९३३ साली, पोरवयात, घर सोडले. बाल कुमार गंधर्व थोर गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवीत असत. म्हणजे तबकडीने केवळ श्रोते घडविले असे नाही, गवईही घडविले.

परंतु साक्षीदार मिळाला म्हणजे सत्य हाती आले, असा भाबडा समज या मंडळींत फार दिवस बोकाळला होता, आणि तो आजही पुरता ओसरलेला नाही. १९०२ साली गैसबर्ग या साहेबाने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज टिपला तेव्हा तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तेथील कारागिरांस ओळख पटावी म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव इंग्रजीत पुकारीत असे. या पुकाऱ्याचे कौतुक आपण अजून करतो. मात्र त्या तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, या गोष्टीचा परिणाम आपण विसरतो. विलंबित ख्यालाला तेवढ्या अवकाशात पायही पसरता येत नव्हते. सबब गवई लय वाढवीत, आलाप आवरता घेत, ताना लवकर काढीत. पुढल्या पिढीने त्या तबकड्या ऐकून ‘जुने लोक चपळ गात’ असा सिद्धान्त ठोकून दिला, तो गवयाच्या प्रकृतीविषयी नसून मेणाच्या मापाविषयी होता.

गतीचा प्रश्न तर याहून बिकट आहे. तबकडीवर मिनिटाला ७८ फेरे असा संकेत असला तरी आरंभीच्या काळात मुद्रणयंत्रे त्या संकेताबरहुकूम चालतच असत असे नाही. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली तर आवाज जवळजवळ एक पट्टी चढतो. पांढरी एकमध्ये गाणारा गवई आपल्या घरी येईतो काळी एकमध्ये गाऊ लागतो, आणि त्याच्या गळ्याच्या बारीकपणावर आपण रसाळ निबंध लिहितो. फितींची दशाही याहून बरी नाही: सेल उतरलेल्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले की आज तीच फीत धडधाकट यंत्रावर धावू लागते, आणि धडधाकट यंत्रावरची फीत उतरलेल्या सेलांवर लावली की पंडितजींस ग्लानी येते. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात धाडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपण सर्व जण अभिमानाने सांगतो. त्या तबकडीच्या आवरणावर ती कोणत्या गतीने फिरवावी याच्या खुणा कोरलेल्या आहेत, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतो. अज्ञात ग्रहावरच्या अज्ञात श्रोत्याची जेवढी काळजी त्या मंडळींनी वाहिली, तेवढी आपण शेजारच्या मेहकरच्या मित्राचीही वाहत नाही. त्याला भ्रमणध्वनीवरून यमन पाठवितो, सोबत ‘अवश्य ऐका, अप्रतिम’ एवढाच मजकूर. मैफल कोठली, साल कोणते, संगतीला कोण, यांपैकी एकाही गोष्टीचा दाखला नाही.

लोणारकराला हे विशेष खटकावे असे एक कारण आहे. आमच्या सरोवराच्या उत्पत्तीविषयी शतकभर वाद चालला; ज्वालामुखी म्हणणाऱ्यांचा पक्ष प्रबळ होता. पुढे तळात वेध घेऊन खडकाचे नमुने वर काढले गेले, त्यांत प्रचंड आघाताखेरीज निर्माण न होणारी काच सापडली, आणि १९७३ साली उल्कापाताचा पक्ष पुराव्यानिशी मांडला गेला. संगीताच्या ध्वनिमुद्रणाविषयी आपण अजून पहिल्याच अवस्थेत आहोत. काठावर उभे राहून मते देतो; नमुना काढून त्याची परीक्षा करण्याचा उद्योग बहुतेकांना अरसिकपणाचा वाटतो.

तो तसा नाही, हे दाखविण्यासाठी मल्लिकार्जुन मन्सूर यांचे उदाहरण पुरेसे आहे. नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेतलेल्या तरुण मन्सूरांच्या तबकड्या १९३० नंतरच्या दशकात निघाल्या. त्यानंतर ते अल्लादिया खाँच्या घराण्यात मंजी खाँ व बुर्जी खाँ यांचे शागीर्द झाले, आणि त्यांच्या वार्धक्यातील दीर्घ मुद्रणे सर्वांस ठाऊक आहेत. एका बैठकीत आधी तरुणपणची तबकडी, मग उत्तरायुष्यातील मुद्रण, अशा क्रमाने ऐकविले तर घराणे बदलले म्हणजे नेमके काय बदलले हे श्रोत्याला कोणाच्याही व्याख्यानावाचून कळते: तानेची गती तीच राहून तिचे वळण कसे वाकडे झाले, सम कशी अनपेक्षित दिशेने येऊ लागली, आणि एक आवर्तन दुसऱ्यात कसे विरघळू लागले. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांची जी मांडणी केली, तिची परीक्षा करावयाची तर याहून सोयीचे साधन नाही. असा क्रम लावणारा जाणता हा, माझ्या मते, उत्तम समीक्षकाच्या तोडीचा मानला पाहिजे. दुर्दैवाने बहुतेक बैठकांत क्रम लागतो तो यजमानाच्या आवडीनुसार, आणि चर्चा होते ती ‘वा! क्या बात है’ या मुक्कामावर येऊन थांबते.

संग्राहकांचा दुसरा दोष कार्पण्याचा. ज्याच्याजवळ दुर्मीळ फीत आहे तो ती ऐकवितो, पण देत नाही. ऐकवितानाही मधून यंत्र बंद करतो, जणू सनद दाखवून पुन्हा पेटीत घालावी. बहिरे वहीद खाँ यांचे आकाशवाणीवरील गायन मोजकेच शिल्लक आहे, आणि अमीर खाँच्या विलंबित लयीचे मूळ शोधणाऱ्याला तेवढ्यावरच निर्वाह करावा लागतो. जे टिकले ते कोणी तरी जपले नि पुढे दिले म्हणून टिकले, हे लक्षात घेतले की या कार्पण्याला रसिकतेचे नाव देववत नाही. १९९० साली मुंबईस स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने, विशेषतः तिचे चिटणीस सुरेश चांदवणकर यांनी, याविरुद्ध जे काम केले त्याचे मोल मोठे आहे. तबकड्यांचे क्रमांक, मुद्रणाची साले, कंपन्यांच्या याद्या हा वरवर नीरस वाटणारा मजकूर त्यांनी आपल्या पत्रिकेतून छापला, आणि ऐकविण्याच्या बैठका महानगरांपुरत्या न ठेवता लहान गावांपर्यंत नेल्या. दप्तर आणि दाद एकाच बैठकीत नांदू शकतात, याचा हा पुरावा होय.

कायद्याची बाजूही येथे नजरेआड करून चालणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, आज आहे त्या स्वरूपात, प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षे टिकतो. म्हणजे लाखेच्या बहुतेक तबकड्या आता सर्वांच्या झाल्या, त्या मोकळ्या मनाने वाटाव्यात. खाजगी मैफलींच्या फिती मात्र निराळ्या. त्यांतील पुष्कळ कलावंताच्या संमतीवाचून, खांबाआड यंत्र ठेवून टिपलेल्या आहेत. त्यांत गवयाची बसलेली हुकमी जागा जशी आहे तशी त्याची चुकलेली तानही आहे, आणि ती तान गावोगाव फिरावी अशी त्याची इच्छा असेलच असे गृहीत धरता येत नाही. म्हणून अशी फीत बैठकीत ऐकवावी, तिच्यावर मोकळेपणी बोलावे, पण वारसांना विचारल्याखेरीज तिच्या प्रती काढून बाजारात सोडू नयेत, असे माझे मत आहे. ते सर्वांस पटेल अशी अपेक्षा नाही. दरम्यान १९७०-८० च्या काळातल्या कॅसेटी वऱ्हाडातील घरोघरी माळ्यांवर पडून आहेत, त्यांवरचा थर उन्हाळ्यागणिक सुटतो आहे, आणि वाजविण्याचे यंत्र दुरुस्त करणारा कारागीर मिळणे दिवसेंदिवस दुर्घट होत चालले आहे. ज्यांच्याजवळ त्या असतील त्यांनी निदान वेष्टनावर पेन्सिलीने तारीख, गाव आणि तबलजीचे नाव, जेवढे आठवत असेल तेवढे, लिहून ठेवावे.