खिडकी न्यूयॉर्ककडे, दार जर्सी सिटीत

हॉटेलचे परीक्षण हा आपल्या पुरवणीचा नेहमीचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, गाण्याच्या मैफलीचेही होते. हॉटेलचे आपण फक्त बिल तपासतो. पण जरा हिशेब करा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मुलामुलींची लग्ने, साखरपुडे, एकसष्टीचे सोहळे, कंपन्यांच्या दिवसभराच्या बैठका, भारतातून आलेल्या नातेवाइकांचे मुक्काम, यांतले किती तरी प्रसंग कुठल्या ना कुठल्या मोठ्या हॉटेलच्या छपराखाली पार पडले. आपल्या आयुष्यातले इतके महत्त्वाचे क्षण ज्या वास्तूत घडतात, तिच्याकडे टीकाकाराच्या नजरेने एकदा पाहायला काय हरकत आहे?

माझ्यासमोर आहे ते जर्सी सिटीच्या एक्स्चेंज प्लेसचे हायट रीजन्सी. हडसन नदीत शिरलेल्या जुन्या धक्क्यावर उभे असलेले, साडेतीनशेच्या आसपास खोल्यांचे हे हॉटेल २००२ साली सुरू झाले. व्यवसायाच्या भाषेत ते ‘फुल-सर्व्हिस’ हॉटेल. म्हणजे नुसती झोपायची खोली आणि सकाळचा नाश्ता एवढेच नव्हे, तर उपाहारगृह, बैठकीच्या खोल्या, समारंभाचे मोठे दालन आणि हे सारे चालवणारा नोकरवर्ग. अशा हॉटेलांचा संसार दोन पायांवर चालतो. सोमवार ते गुरुवार कंपन्यांची माणसे, आणि शुक्रवार ते रविवार लग्नाची वऱ्हाडे व सहलीला आलेली कुटुंबे. डाउनटाउनमधले हॉटेल या दोन्ही पायांवर सारखाच भार टाकू शकते. ते या हॉटेलला साधते, याचे कारण त्याची जागा. पाथ गाडीचे स्टेशन समोर, नदीखालून गेले की पुढचेच स्थानक वर्ल्ड ट्रेड सेंटरचे. आजूबाजूला वित्तसंस्थांच्या कचेऱ्या. त्यांपैकी ३० हडसन स्ट्रीटची ७८१ फुटी इमारत २००४ साली पूर्ण झाली. वाय-टू-केच्या काळात आणि त्यानंतर आपल्यातल्या किती तरी जणांनी याच परिसरात नोकऱ्या केल्या.

आता मुद्द्याकडे येतो. हे हॉटेल विकते काय? खोली विकते, जेवण विकते, पण सर्वांत आधी विकते ते दृश्य. पलीकडच्या काठावर मॅनहॅटनची रांग आणि दक्षिणेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. दृश्य अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण ते दुसऱ्या शहराचे आहे. ज्या गावात पाहुणा झोपतो, जेवतो, ज्या गावाला कर भरतो, ते गाव त्याच्या पाठीमागे राहते. चार दिवस राहून गेलेला पाहुणा परतल्यावर ‘न्यूयॉर्कला गेलो होतो’ असे सांगतो, आणि त्यात खोटे काही नसते.

हे हॉटेलवाल्यांनीच घडवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. या काठाचा इतिहासच तसा आहे. १९१० साली मॅनहॅटनमध्ये पेन स्टेशन उघडेपर्यंत पेनसिल्व्हेनिया रेल्वेने पश्चिमेकडून येणारा प्रवासी याच एक्स्चेंज प्लेसला उतरे आणि फेरीबोट पकडून पलीकडे जाई. थोडे दक्षिणेला, आजच्या लिबर्टी स्टेट पार्कमध्ये, जर्सी सेंट्रल रेल्वेचे १८८९ चे टर्मिनल आहे. एलिस बेटावरून सुटलेले लाखो स्थलांतरित तिथून गाडीत बसून देशभर पांगले. जर्सी सिटी म्हणजे उतरायचे आणि पुढे जायचे ठिकाण. रेल्वेच्या वैभवाचा काळ संपला, धक्के ओस पडले आणि मग त्यांतल्याच एका धक्क्यावर हॉटेल आले. वेटिंग रूम तेवढी वातानुकूलित झाली.

हॉटेल उघडले ते वर्षही विसरता येत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर एक्स्चेंज प्लेसचे पाथ स्टेशन बंद होते. ते पुन्हा सुरू झाले २००३ च्या जूनमध्ये. म्हणजे ज्या दृश्यासाठी खिडक्या काढल्या, त्याच्या मधोमध तेव्हा मोठी पोकळी होती, आणि पलीकडे जायची जवळची गाडीही नव्हती. पोकळी भरणारी नवी इमारत २०१४ साली सुरू झाली. पलीकडे जे घडते त्यावर आपले भाग्य टांगलेले असणे, हे या काठाने वारंवार अनुभवले आहे.

इथे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलची आठवण येणे साहजिक आहे. तेही पाण्याकाठचे, तेही व्यापारी शहरातले. त्याचा मूळ आराखडा करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी अभियंते होते, ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा होते आणि काम पुरे केले डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. १६ डिसेंबर १९०३ रोजी ते उघडले तेव्हा त्याचे प्रवेशद्वार समुद्राकडे नव्हते; ते शहराच्या बाजूला, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिकडे होते. ‘गोऱ्या आर्किटेक्टने काढलेला नकाशा चुकून उलटा बांधला’ ही दंतकथा आपण सर्वांनी ऐकली आहे. चूक वगैरे काही नव्हती. पाहुण्याने शहरातून यावे आणि समुद्र खोलीतून पाहावा, अशी ती योजना होती. १९२४ मध्ये गेटवे ऑफ इंडिया पुरे झाले आणि पुढे काळाच्या ओघात हॉटेलने तोंड फिरवले. ताज काही सामान्य माणसासाठी खुले नव्हते, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही मुंबईकर त्याला ‘आपले’ म्हणतो. एक्स्चेंज प्लेसच्या हॉटेलला जर्सी सिटीकर ‘आपले’ म्हणेल का? मला शंका आहे.

याच चौकात, हॉटेलकडे जाताना, एक ब्राँझचा पुतळा दिसतो. हात बांधलेला सैनिक, पाठीत घुसलेली संगीन. १९४० च्या कॅटिन हत्याकांडात मारल्या गेलेल्या पोलिश अधिकाऱ्यांचे हे स्मारक आंद्रे पितिंस्की या शिल्पकाराने घडवले आणि ते १९९१ साली इथे उभे राहिले. २०१८ मध्ये चौक सुशोभित करण्यासाठी ते हलवण्याचा घाट घातला गेला. पोलिश समाजाने आवाज उठवला, सह्या गोळा केल्या, आणि त्याच वर्षाअखेर नगरपरिषदेने स्मारक आहे तिथेच ठेवण्याचा ठराव केला. सहलीला आलेल्या पाहुण्याला ते शिल्प कदाचित खटकत असेल. मला ते या चौकातले सर्वांत प्रामाणिक काम वाटते. एका स्थलांतरित समाजाने ‘आम्ही इथे आहोत’ असे त्या दृश्याच्या ऐन वाटेवर सांगितले आहे.

आणि आपण? याच स्टेशनवरून उलट दिशेची गाडी धरली तर ग्रोव्ह स्ट्रीट, आणि त्यानंतर जर्नल स्क्वेअर. तिथून चालत दहा मिनिटांवर नुअर्क अव्हेन्यूचा आपला बाजार. वाणसामान, साड्या, सोने, चाट, नवरात्रातला रस्त्यावरचा गरबा. हा बाजार फुकट मिळालेला नाही. १९८७ साली याच शहरात ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने भारतीयांना धमकावणारे पत्र वर्तमानपत्राकडे पाठवले होते. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत बळी गेला. लोक संघटित झाले, आणि १९९० मध्ये राज्याने द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांविरुद्ध कायदा केला. दोनच स्थानकांवर एवढा इतिहास आहे. पण नदीकाठी लग्नाला आलेले आपले वऱ्हाड तिकडे फिरकत नाही. फोटोत वधूवरांच्या मागे मॅनहॅटन हवे असते. माझ्या पाहण्यातल्या अशा एका लग्नात पुण्याहून आलेल्या मामांनी विचारले, ‘हे जर्सी सिटी म्हणजे नक्की कुठे?’ ते तीन दिवस त्याच शहरात राहिले होते.

तेव्हा टीका करायची तर ती एकट्या हॉटेलवर करून भागणार नाही. पाहुण्याच्या नजरेला जे आवडते तेच ते दाखवणार. नजर आपली आहे. इतकी वर्षे इथे राहूनही आपण स्वतःला पलीकडच्या काठाने ओळखतो. भारतातल्या माणसाला ‘न्यूयॉर्कजवळ’ असे सांगतो आणि गावाचे नाव खाऊन टाकतो. ज्या गावात घर घेतले, जिथल्या शाळेत मुले शिकली, त्या गावाच्या नगरपरिषदेची सभा आपल्यातल्या किती जणांनी पाहिली आहे?

हॉटेलच्या जमेच्या बाजूला एक गोष्ट मोकळेपणाने मांडली पाहिजे, आणि तिचे श्रेय राज्याच्या नियमाला आहे. भरती-ओहोटीच्या पाण्याचा काठ जनतेचा, या जुन्या तत्त्वाला धरून न्यू जर्सीने १९८८ पासून हडसनच्या काठी बांधणाऱ्यांना सार्वजनिक पायवाट सोडणे बंधनकारक केले. बेयॉनपासून जॉर्ज वॉशिंग्टन पुलापर्यंत सुमारे १८ मैलांची ही वाट या हॉटेलच्या लगत जाते. म्हणजे जे दृश्य आत रात्रीच्या भाड्याने मिळते, तेच बाहेर कोणालाही फुकट मिळते. संध्याकाळी तिथे आजीआजोबा, बाबागाड्या, मासे पकडणारे आणि कचेरीतून सुटलेले लोक एकत्र दिसतात. शहराचा खरा दिवाणखाना हाच.

२०२० नंतर कंपन्यांच्या बैठका पडद्यावर गेल्या आणि डाउनटाउन हॉटेलांचा पहिला पाय थोडा लंगडा झाला. साहजिकच शनिवार-रविवारच्या समारंभांचे वजन वाढले. आपण आता मोठे गिऱ्हाईक आहोत. जेवणाची किमान रक्कम, बाहेरचा आचारी, होमाची परवानगी यांवर आपण घासाघीस करतोच. त्याच बळावर आणखी थोडे मागता येईल. पाहुण्यांना देतो त्या कागदावर नुअर्क अव्हेन्यूचा पत्ता आणि गाडीची दोन स्थानके छापावीत. वऱ्हाडाची एक सकाळ तिकडे न्यावी. जाताना वाटेतल्या पोलिश सैनिकापाशी दोन मिनिटे थांबून मुलांना तो कोण हे सांगावे. खिडकीतून न्यूयॉर्क जरूर पाहावे. पण दार जर्सी सिटीत उघडते, आणि त्या दारातून बाहेर पडण्याचे काम हॉटेल आपल्यासाठी करणार नाही.