ज्ञानी नाथान आणि खऱ्या अंगठीचा प्रश्न

जर्मन वाङ्मयातील सत्यशोधाची गोष्ट निघाली की सुशिक्षित वाचकास प्रथम ‘फाउस्ट’ आठवतो. परंतु गटेच्याही आधी लेसिंगने ‘ज्ञानी नाथान’ या पंचांकी पद्यनाटकात हाच प्रश्न हाती घेतला होता, आणि आमच्या मते तो अधिक अवघड जागी नेऊन ठेवला होता. लेसिंग हा वोल्फेनब्युटेल येथे ड्यूकचा ग्रंथपाल होता. राइमारुस या पंडिताचे धर्मचिकित्सक लेख प्रसिद्ध केल्यामुळे धर्मोपदेशकांशी त्याचा वाद जुंपला, आणि १७७८ साली लेखनतपासणीतून त्याला मिळालेली सूट ड्यूकने काढून घेतली. तेव्हा तो आपल्या जुन्या व्यासपीठाकडे, म्हणजे रंगभूमीकडे वळला. १७७९ साली नाटक प्रसिद्ध झाले. प्रयोग मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १७८३ साली बर्लिन येथे झाला.

धर्मयुद्धांच्या काळातील जेरुसलेम हे नाटकाचे स्थळ. सुलतान सलादिन यास द्रव्याची निकड आहे. तो नाथान या धनाढ्य ज्यू व्यापाऱ्यास बोलावतो आणि तीन धर्मांपैकी खरा कोणता, असा पेच घालतो. उत्तरादाखल नाथान एक गोष्ट सांगतो. धारण करणारास देवाला व माणसांना प्रिय करणारी एक अंगठी एका घराण्यात वडिलांकडून लाडक्या मुलाकडे जात असे. पुढे एका पित्यास तिन्ही मुले सारखीच प्रिय झाली. त्याने हुबेहूब आणखी दोन अंगठ्या घडविल्या, आणि मग खरी कोणती हे त्याचे त्यालाही ओळखवेना. भाऊ भांडत न्यायाधीशापुढे गेले. न्यायाधीश म्हणाला की, प्रत्येकाने आपलीच अंगठी खरी मानावी आणि तिचा गुण वर्तनाने प्रकट करावा; निवाडा हजारो वर्षांनंतरचा अधिक शहाणा न्यायाधीश करील.

ही गोष्ट मूळची लेसिंगची नव्हे. बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये ती आहे. न्यायाधीशाचा उपदेश ही मात्र लेसिंगची भर होय. ‘सर्व धर्म सारखेच’ एवढाच तिचा अर्थ पुष्कळ टीकाकार घेतात. तो आम्हास अपुरा वाटतो. सत्य हे वारशाने मिळणारे धन नसून आचरणाने सिद्ध करावयाचे आहे, असे येथे सुचविले आहे. पण मग शंका येते: आचरण चांगले असले म्हणजे वस्तुस्थिती काय होती, याला काहीच किंमत नाही काय?

या शंकेचे उत्तर गोष्टीत नाही, नाथानच्या घरात आहे. त्याची पत्नी व सात मुलगे ख्रिस्ती लोकांनी केलेल्या कत्तलीत जळून मेले. तीन दिवस तो राखेत पडून होता. त्यानंतर एका ख्रिस्ती बालिकेस त्याच्या हाती देण्यात आले. तिलाच त्याने रेखा म्हणून पोटच्या मुलीसारखे अठरा वर्षे वाढविले आणि तिच्या जन्माची हकीकत तिच्यापासून लपविली. सुलतानाला सत्याविषयी शिकविणारा हा गृहस्थ स्वतःच एक असत्य सांभाळीत होता! अखेर तिच्या कुळाची साक्ष देणारी प्रार्थनापोथी त्याच्या हाती येते. ती दडपून ठेवणे त्याला अशक्य नव्हते. मुलगी गमावण्याचे भय असताही तो ती उघड करतो. आणि पितृत्व रक्तावरच अवलंबून असते काय, असे विचारून रेखा त्यालाच बाप मानते. अंगठीची कसोटी येथे खरी उतरली. प्रेम वर्तनाने सिद्ध झाले, पण वस्तुस्थिती लपवून नव्हे.

नाटकात दोष आहेत. रेखा आणि तिच्यावर अनुरक्त झालेला तरुण धर्मवीर ही भावंडे निघतात, इतकेच नव्हे तर सलादिनच्या भावाची मुले ठरतात. योगायोगाची ही गर्दी पचावयास जड जाते. तथापि शेवटच्या आलिंगनांत ज्याचे कोणाशीही रक्ताचे नाते नाही असा एकटा नाथानच उरतो, हे सूक्ष्म दुःख आमच्या नजरेतून सुटत नाही.

१९३३ साली सत्तेवर आलेल्या नाझींनी हे नाटक जर्मन रंगभूमीवरून हद्दपार केले. सप्टेंबर १९४५ मध्ये उद्ध्वस्त बर्लिनमधील डॉइचेस थिएटर पुन्हा उघडले ते याच नाटकाने. न्यायाधीशाने सांगितलेला निवाडा अजून लागलेला नाही. पण अंगठीचा गुण कोणत्या वर्तनाने नाहीसा होतो, हे त्या बारा वर्षांनी पुरते दाखविले.